उजव्या डोळ्याचं कडं

"फिरवू नका ते! आहे तसं राहू द्या!"

मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की पाण्यावरची बदकं फडफडत उठली आणि पक्षिमित्र मंडळाची सगळी माणसं माझ्याकडे वळून पाहायला लागली. तलावावर कुजबुजतच बोलायचं, हा मंडळाचा पहिला नियम. तो मी पहिल्याच रविवारी मोडीत काढला.

प्राध्यापक टेंभुर्णे माझी दुर्बीण हातात घेऊन अवघडून उभे होते. भंडाऱ्याच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत आणि मंडळ त्यांनीच काढलेलं. समोरचा पक्षी मला काही केल्या दिसत नव्हता, म्हणून बिचाऱ्यांनी मदतीसाठी दुर्बीण घेतली होती.

"वहिनी, मोडत नाही मी," ते म्हणाले. "पण हे कडं फिरवावंच लागतं. मला उजवीकडे सगळं अंधुक दिसतंय. तुम्हालाही तसंच दिसत असणार."

"का फिरवावं लागतं?"

"मधलं चाक आहे ना, ते जवळचं-लांबचं पाहायला. आणि उजव्या डोळ्यापाशी हे जे कडं आहे, ते डोळ्यासाठी. माणसाचे दोन डोळे सारखे नसतात. ज्याची दुर्बीण, त्याच्या डोळ्याला कडं लावलेलं असतं. दुसऱ्यानं घेतली की त्यानं आधी ते स्वतःच्या डोळ्याला लावून घ्यायचं. मगच स्वच्छ दिसतं."

"म्हणजे आत्ता हे ह्यांच्या डोळ्याला लावलेलं आहे?"

टेंभुर्ण्यांनी कड्यावरचं बोट काढून घेतलं. माझे यजमान, विनायक गभणे, त्यांच्या चांगल्या ओळखीचे होते. "असणारच," ते म्हणाले आणि दोन्ही हातांनी दुर्बीण माझ्याकडे परत दिली.

ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. हे जाऊन तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि पुरती तीन वर्षंही पेन्शन न खाता, पोळ्याच्या दिवशी दुपारी जेवणावरून उठता उठता गेले. हार्ट अटॅक. मुलगा पुण्याला, मी घरात एकटी. चपला कुणी उचलायच्या नाहीत, खुंटीवरचा सदरा कुणी काढायचा नाही, असं माझं चाललं होतं. बायका म्हणत, प्रमिलाबाईंनी फारच मनाला लावून घेतलं. लावून नाही घ्यायचं तर काय करायचं, ते मात्र कुणी सांगत नव्हतं.

ह्यांना पक्ष्यांचं वेड होतं आणि मला अजिबात नव्हतं. दर रविवारी पहाटे उठून ते गोठणा तलावावर जायचे, एकटेच. मी कधी बरोबर गेले नाही, त्यांनी कधी चल म्हटलं नाही, आणि यात दोघांपैकी कुणालाच काही वावगं वाटलं नाही. आठवड्याचे बाकीचे दिवस माझे होते. पण माणूस गेल्यावर तेवढे पुरेनासे झाले. त्या सगळ्या रविवारांना ते काय पाहत होते, हे मला बघायचं होतं. म्हणून कपाटातली दुर्बीण काढली आणि मंडळात नाव घातलं.

आणि आता कळलं होतं की दुर्बिणीत ह्यांचा डोळा शिल्लक आहे. सदऱ्याचा वास वर्षभरात उडाला होता. फोटोत तर ते नेहमीच दुसऱ्या कुणासारखे दिसत. पण हे कडं त्यांनी स्वतःच्या बोटांनी स्वतःच्या नजरेला लावलं होतं आणि ते तिथंच थांबलं होतं. ते कुणी फिरवलं असतं, तर पुन्हा जागेवर कसं आणणार? कुठं थांबायचं हे सांगणारा डोळा आता नव्हता.

मग मी उजवा डोळा मिटून पाहायला लागले. मी मुलींच्या शाळेत पंचवीस वर्षं शिवणकाम शिकवलेली बाई. कंदिलाच्या उजेडात सुईत दोरा ओवणारे डोळे माझे. त्या डोळ्यांना एकीकडे स्वच्छ आणि एकीकडे धुरकट असलं पाहणं म्हणजे शिक्षाच होती. एका डोळ्यानं अंतर कळत नाही, पक्षी सापडत नाही, सापडला तर ओळखू येत नाही. सगळे लांबच्या देशातून आलेल्या बदकांची नावं घेत आणि मला दिसायची ती टिबुकली. एवढीशी, तपकिरी, सारखी बुडी मारणारी. "टिबुकली काय, बाराही महिने असते," असं म्हणून मंडळी पुढं जात. कधीकधी मात्र, कुणी बघत नसलं की, मी डावा डोळा मिटायची आणि उजव्यानं त्या धुक्यात पाहायची. हे ह्यांना स्वच्छ दिसत होतं, असं मनाशी म्हणायची. तेवढ्यापुरतं कुणीतरी शेजारी उभं असल्यासारखं वाटायचं.

गोठणा तलावावर जायचं मात्र मी टाळत होते. फाल्गुन लागला, होळी आठवड्यावर आली, तेव्हा टेंभुर्णे म्हणाले, "वहिनी, गोठण्यावर कादंब हंस आहेत अजून. या आठवड्यात निघतील. मग एकदम पुढच्या हिवाळ्यात." हेही दर फाल्गुनात जेवताना म्हणायचे, "आता जातील गं." त्या बोलण्यात एवढं काय असायचं, ते मला कळायचं नाही. मी दुसऱ्याच दिवशी पहाटेच्या एस.टी.त बसले.

शेवटच्या वर्षी तेही एस.टी.नंच जात. स्कूटर असताना. विचारलं तर म्हणाले, "आता वयात कुठं ती लाथ मारत बसायची." मलाही पटलं.

बसमधून उतरून पाळीवर चढले. आमच्याकडे तलावाच्या बांधाला पाळ म्हणतात. पळस नुसते पेटले होते. खालच्या धानाच्या बांधीतलं लाखोळीचं पीक निघून गेलं होतं, आणि पाणी मागं सरल्यामुळं पलीकडच्या काठाला ओल्या गवताचा पट्टा उघडा पडला होता. त्या पट्ट्यात काहीतरी करडं, मोठं, पुष्कळ असं हलत होतं. मी दुर्बीण लावली, उजवा डोळा मिटला. करड्याचं थोडं पांढरं झालं, एवढंच.

"एक डोळा मिटून काऊन पाहून राहिल्या जी?"

मी दचकून वळले. पंचेचाळिशीची एक बाई, अंगावर सुती साडी, त्यावर पुरुषी स्वेटर, पायांत कॅनव्हासचे बूट. चेहऱ्यावर शाळेतल्या बाईंची जरब आणि त्यामागं जरा मिस्कीलपणा.

"सवय आहे," मी म्हटलं.

"मी रजनी कापगते. इथल्या शाळेत आहे. खोली करून राहतो गावातच." बोलता बोलता तिची नजर माझ्या हाताकडे गेली आणि ती थांबली. दुर्बिणीचा पट्टा तुटला होता तेव्हा मी त्याला निळ्या जीनचा तुकडा लावून दुहेरी शिवण घातली होती. तिनं त्या शिवणीवर बोट ठेवलं. "ही तर गभणे सरांची आहे."

"हो. मी त्यांची मिसेस."

तिचा चेहरा असा काही उजळला की मला पुढचं सगळं तिथंच कळलं. हिला ठाऊकच नव्हतं.

"अगं बाई! या ना, बसा. सर नाही आले? दोन हिवाळे झाले, पत्ता नाही त्यांचा. मला वाटलं मुलाकडे गेले पुण्याला. टेलिफोन खात्यातला माणूस, पण नंबर काही देऊन ठेवला नाही, पाहा. कसे आहेत?"

"नाही राहिले," मी म्हटलं. "गेल्याच्या मागच्या पोळ्याला."

ती पाळीच्या दगडावर मटकन खाली बसली. पदराचं टोक तोंडावर धरलं. मी उभी. सांत्वनाला आलेल्या माणसांपुढं कसं वागायचं, ते दीड वर्षात मला चांगलं जमायला लागलं होतं. पण इथं उलटंच झालं होतं, आणि त्याची रीत मला माहीत नव्हती.

"मला कोणी सांगितलंच नाही जी," ती म्हणाली. मग स्वतःलाच म्हणाली, "कोण सांगणार? माझं नाव कोणाला माहीत होतं?"

खरंच होतं ते. हे नाव आमच्या घरात कधी उच्चारलं गेलं नव्हतं. रविवारी ते परत आले की मी विचारायची, काय काय दिसलं? ते पक्ष्यांची नावं सांगत. बाईचं नाव त्यांत नसे.

पलीकडून कादंबांचा आवाज येत होता, घशातून काढलेला, जुनी माणसं ओसरीवर बोलत बसावीत तसा. तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं.

"एकदा पाहू का दुर्बिणीतून? जातील ना आता ते."

टेंभुर्ण्यांसारख्या माणसावर मी ओरडले होते. पण ही समोर बसून रडली होती, आणि हिला नाही म्हणायला तोंड उघडेना. गळ्यातला पट्टा काढला. कड्यावर अंगठा तसाच दाबून धरून दुर्बीण पुढं केली. सांगणार होते, बाई गं, तेवढं कडं फिरवू नकोस, अंधुक दिसलं तरी चालवून घे. पण तिचा हात पुढं आलाही होता. अंगठा काढावा लागला.

तिनं दुर्बीण हातात घेतली. मी फक्त तिच्या उजव्या हाताकडे पाहत होते. आता बोटं कड्यावर जाणार. मंडळातल्या पंधरा माणसांना मी दुर्बिणी अदलाबदल करताना पाहिलं होतं. एकसुद्धा माणूस कडं फिरवल्याशिवाय पाहत नसे. गेलं, मी मनात म्हटलं. आता गेलं सगळं.

तिनं दुर्बीण डोळ्यांना लावली. मधलं चाक थोडं फिरवलं. आणि तशीच पाहत राहिली. दोन्ही डोळ्यांनी.

माझा जीव भांड्यात पडला. देवाची कृपा, हिला कडं ठाऊकच नाही. मी हुश्श केलं. आणि मग पाहिलं की ती हसतेय.

"दिसतात?" मी विचारलं.

"हो ना. एकदम स्वच्छ. चोचीचा पिवळा रंगसुद्धा दिसून राहिला."

"उजव्या डोळ्याला अंधुक नाही दिसत?"

"नाही जी."

"ते कडं फिरवावं लागेल तुम्हाला," मी म्हणाले. आजवर मी हे कुणालाही म्हणाले नव्हते. "तुमच्या डोळ्याला लावून घ्यावं लागेल."

तिनं दुर्बीण खाली घेतली. "माझ्याच डोळ्याला लागलेलं आहे ते," ती अगदी साधेपणानं म्हणाली. "सरांनीच शिकवलं लावायला. म्हणाले, मॅडम, नीट लावून घ्या, आता पुन्हा फिरवायची गरज नाही."

मी दगडावर बसले. पाळीवरून एक गुराखी गाई घेऊन गेला. त्याच्याकडे पाहून मी मान हलवली, ओळख असल्यासारखी.

"मग ते कशानं पाहत?" मी विचारलं.

"ते कुठं पाहत होते?" ती म्हणाली आणि मग थबकली. "म्हणजे, शेवटी शेवटी. तुम्हाला तर माहीतच असेल."

"हो," मी म्हणाले. "माहीत आहे. तरी सांगा."

तिनं सांगितलं. साखरेनं दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब झाले होते. नागपूरला दाखवलं, डॉक्टर म्हणाले गेलेलं परत येत नाही. चालण्यापुरतं दिसायचं, बसची पाटी कुणालातरी विचारायचे, पण पाण्यावरचा पक्षी दिसत नसे. हिची ओळख आधीची, पाळीवर फिरायला येणारी बाई एवढीच. एक दिवस त्यांनी दुर्बीण हिच्या हातात दिली आणि म्हणाले, मला सांगा काय दिसतं ते.

"मी सांगत होती, ते नाव सांगत होते. मला काय जी, कावळा-चिमणी सोडून काही येत नव्हतं. रंग कोणता, चोच कशी, शेपूट वर की खाली, सारं विचारून घ्यायचे. मग असे इथंच, या दगडावर, पाण्याकडे तोंड करून बसायचे. घरी माहीत आहे ना सर, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, घरी सांगितलं तर हे येणं बंद होईल."

आणि मी केलंच असतं बंद. हात धरून घरी बसवलं असतं, एकट्यानं एस.टी.त चढू दिलं नसतं, औषधांच्या वेळा भिंतीवर लिहिल्या असत्या. माझा नवरा मला ओळखून होता, याबद्दल वाद नाही.

त्या वर्षी सकाळी पेपर आला की ते म्हणायचे, "तू वाच गं. तुझ्या तोंडून बातमी बरी वाटते." मी चहा गार होईपर्यंत वाचायची. तीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस असं काही बोलला, म्हणून मी किती खूष होते! शेजारच्या वसुधाला सांगितलंही होतं. ते आठवलं आणि त्या उघड्या पाळीवर, अनोळखी बाईपुढं, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राग आला. तिचाही आला. तिनं माझं काय घेतलं होतं, हे काही केल्या सांगता येत नव्हतं, पण घेतलं होतं. इतके महिने मी हिचा डोळा जपत होते. हिच्या डोळ्यातून धुकं पाहत होते आणि त्याला नवरा म्हणत होते.

तिला काय कळलं कोण जाणे. ती हळू आवाजात म्हणाली, "तुमचं फार बोलत होते जी. हा पट्टा पाहा म्हणायचे, आमच्या घरच्या शिवणीचा आहे. दुर्बीण मोडेल, शिवण नाही उसवणार."

मी त्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग म्हटलं, "मला सांगाल? त्यांना सांगत होतात तसं."

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दुर्बीण उचलली. मी पाण्याकडे तोंड केलं आणि दोन्ही डोळे मिटून घेतले.

"पलीकडच्या काठाला आहेत. गवत खाऊन राहिले. दोन-तीन पाण्यात उतरले. एक बाजूला उभा आहे, मान वर करून. पहारा देऊन राहिला."

"डोक्यावर काय आहे?" मी विचारलं. कादंब ओळखायची ती खूण, मंडळात सगळ्यांना पाठ.

"दोन काळे पट्टे," ती म्हणाली. "सर पण हेच विचारत होते. माहीत असून."

मग आवाज वाढला. एकानं हाक दिली, दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी एकदम. "उठले!" ती म्हणाली. "बाई, उठले सारे! आपल्याकडेच येऊन राहिले." पंखांचा आवाज पाण्यावरून आला, डोक्यावर आला, त्याचा वारा चेहऱ्याला लागल्यासारखा वाटला. डोळे उघडावेत असं फार वाटलं. नाही उघडले. तो आवाज उत्तरेकडे लांब लांब गेला, आणि मग तो आहे की आपल्याला नुसतं वाटतंय, हे कळेनासं झालं.

डोळे उघडले तेव्हा ती रिकाम्या आकाशाकडे पाहत होती. दुर्बीण तिच्या हातात खाली लोंबत होती.

"आता नाही येत ते परत या साली," ती म्हणाली. गावातून शाळेची घंटा ऐकू आली. तिनं पट्टा व्यवस्थित गुंडाळला आणि दुर्बीण माझ्या मांडीवर ठेवली. ती तिला देऊन टाकावी, असं माझ्या मनात आलं. न्यायानं तिचीच होती. पण दिली नाही. मी तेवढ्या मोठ्या मनाची नव्हते आणि आजही नाही.

"पुढच्या हिवाळ्यात याल?" तिनं विचारलं.

"बघू."

"मी इथंच आहे. येतो जी." ती पाळीवरून भरभर चालत निघाली. स्वेटर मागून ओळखीचा वाटला, पण तसले तपकिरी स्वेटर भंडाऱ्याच्या बाजारात ढिगानं मिळत. मी त्याचा विचार करायचा नाही असं ठरवलं.

एस.टी.ला वेळ होता. तलाव रिकामा पडला होता. मी दुर्बीण डोळ्यांना लावली, दोन्ही डोळे उघडे ठेवले आणि उजव्या हाताची बोटं कड्यावर नेली. वाटलं होतं गंजून बसलं असेल. पण कडं अलगद फिरलं. धुकं दाट झालं, मग विरळ, आणि मग एकाएकी सगळं जागेवर आलं. पाण्यावरची प्रत्येक लाट वेगळी झाली. गवताची पाती, त्यांतलं एक गळलेलं पांढरं पीस, सगळं समोर, हाताच्या अंतरावर. एवढं स्वच्छ असतं हे मला माहीत नव्हतं. रडू आलं, म्हणून मध्येच पुसून पुन्हा लावावी लागली.

आता त्या दुर्बिणीत कुणीच नव्हतं. मी होते.

मधोमध एक टिबुकली पोहत होती. डोळ्याभोवतीची फिकट कड, मानेवरचा तांबूस रंग, शेपटीच्या जागी नुसता कापसाचा बोळा, असं सगळं मी पहिल्यांदाच पाहिलं. तिला कुठं जायचं नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिल्यासारखं केलं आणि बुडी मारली. मी कडं न हलवता, ती वर यायची वाट पाहत बसून राहिले.